पाण्याची पाळी आणि नेटची पाळी



1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगाव असा रिवाज पडला आहे की, विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे. मी शाळा सातवीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. अशा माणसाला चालकांनी विषय दिला तो मोबाइलवरून डेटा वेगाने कसा जातो हा! मी म्हटले, "अहो, हा इंजिनिअरांचा विषय." ते म्हणाले, "या विषयावरून कचेऱ्यांत भांडता तुम्ही, तेव्हा बोलाही तुम्हीच." त्यांच्या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आज मी उभा आहे.

भांडण कशावरून झाले तेच आधी सांगतो. 2023 चा उन्हाळा. कऱ्हाकाठच्या जिराईत पट्ट्यात रोजगार हमीचे काम चालू होते. ओढ्यातला गाळ काढावयाचा होता. त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून अशा सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलवर घेणे सक्तीचे झाले होते. दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो काढावयाचा आणि तो सरकारी यंत्रणेत चढवावयाचा. कामावर चाळीसएक माणसे, त्यांत बाया जास्त. हजेरी घेणारी मुलगी बारावी झालेली, मोठी हुशार. ओढ्यात रेंज नसे, म्हणून ती रोज भर दुपारी फोन घेऊन टेकडीवर चढे. एका आठवड्यात तीन दिवसांचे फोटो चढलेच नाहीत. घमेली उचलली गेली, गाळ निघाला, काठावर ढीग पडला. परंतु हजेरी नाही, म्हणून मजुरी नाही.

मी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितले, "यंत्र कुणाचा पक्षपात करीत नाही. तिथे नेट कमी येते, त्याला आम्ही काय करणार?"

मजुरी पुढे भांडून मिळाली. परंतु साहेबांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. यंत्र पक्षपात करीत नाही, हे खरे आहे काय? एकाच टॉवरवर शेकडो फोन लटकलेले असतात. कुणाला आधी द्यावयाचे, कुणाला मागून, कुणाला किती, हे कुणीतरी ठरवीतच असणार. तो कोण? आणि कोणत्या न्यायाने ठरवितो? या प्रश्नामागे मी लागलो, मिळेल ते वाचले, या धंद्यातल्या पोरांना विचारले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. बारामतीहून मुंबईला बोलावयाचे तर एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवून वाट पाहत बसावे लागे. लागला की बारामतीपासून मुंबईपर्यंतची एक सबंध वाट त्या दोघांसाठी राखून ठेवलेली. दोघे बोलोत वा गप्प बसोत, ती वाट तिसऱ्याला मिळावयाची नाही. पाटाला पाणी आले आणि दारे धरणारा भाकरी खायला बांधावर बसला, तरी दार त्याच्याच वाफ्यात उघडे, तशातला हा प्रकार. शेजारचा वाळत असला तरी त्याने पाहत राहावे.

1960 नंतरच्या काही वर्षांत दोन माणसांना, एकमेकांशी संबंध नसताना, यावर सारखाच उपाय सुचला. अमेरिकेतले पॉल बॅरन आणि इंग्लंडमधले डोनाल्ड डेव्हिस. उपाय असा की, मोठ्या मजकुराचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक घालावा आणि वाट रिकामी सापडेल तसा एकेक तुकडा पुढे सरकवावा. शेवटच्या मुक्कामी अनुक्रमांक पाहून ते पुन्हा जुळवावेत. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिले. आपण त्याला सरळ पाकीट म्हणू. पाकिटांच्या या पद्धतीत वाट कुणाच्याही मालकीची नाही. ज्याचे पाकीट तयार, त्याची पाळी. एक गप्प बसला की त्याच्या जागी दुसऱ्याचे काम होते.

तारेवर हे सोपे होते. हवेत मात्र गोष्ट निराळी. बिनतारी विद्येची आपल्या मुलखाला ओळख जुनी आहे. 1927 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारायंत्र सुरू झाले, तेव्हा संदेश पाठवणारे केंद्र खडकीला आणि संदेश झेलणारे केंद्र आपल्या शेजारच्या दौंडला होते. परंतु तेथे बोलणारा एक आणि ऐकणारा एक होता. भांडणाचे कारण नव्हते. एकाच हवेत शंभर जण एकदम बोलू लागले तर काय करावयाचे?

हा प्रयोग 1971 साली हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. निरनिराळ्या बेटांवरची यंत्रे त्यांनी रेडिओने मुख्य संगणकाला जोडली आणि नियम फार उदार ठेवला: ज्याला जेव्हा पाकीट पाठवावेसे वाटेल तेव्हा त्याने पाठवावे. दोघांची पाकिटे हवेत एकमेकांवर आदळली तर दोन्ही वाया. दोघांनी थोडे थांबून पुन्हा पाठवावे. पाटकरी नाही, पाळी नाही, पूर्ण स्वातंत्र्य! हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, या पद्धतीत वाटेच्या ताकदीपैकी फार तर शेकडा 18 कामी येते. बाकीचे आदळाआदळीत आणि रिकामे जाते. पुढे एवढीच सुधारणा केली की, वेळेचे सारखे खण पाडले आणि खणाच्या आरंभीच पाकीट सोडावे असा नियम केला. एवढ्याने 18 चे जवळजवळ 37 झाले.

मंडळी, आपण नीरेच्या पाण्यावरची माणसे. आपल्याला याचे नवल वाटावयास नको. पाणी तेवढेच असते, जमीन तेवढीच असते. नुसती शिस्त लावली की भिजणारे क्षेत्र वाढते. 1900 च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुणे भागात इंजिनिअर असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली ती याचसाठी. पाणी ठरावीक गटांना बांधून द्यावयाचे आणि गटात उसाचा हिस्सा ठरवून द्यावयाचा, म्हणजे वरच्यांनीच सारे पाणी उसावर ओतू नये. आपल्याकडची शेजपाळी तर सर्वांना ठाऊक आहे. शेजाऱ्यानंतर शेजारी, ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला. आणि तिचा मूळ नियम असा की, आवर्तन सुटले म्हणजे आधी टेलला भरावे आणि भरत भरत वर यावे. हा नियम पाळला किती जातो, ते इंदापूरकडच्या मंडळींनी सांगावे; परंतु नियम आहे तो असा आहे.

आता मोबाइलच्या टॉवरकडे येऊ. मधमाश्यांच्या पोळ्यात जसे खण असतात, तसे साऱ्या मुलखाचे खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणाला एक टॉवर. इंग्रजीत त्या खणाला सेल म्हणतात, म्हणून हा सेल्युलर फोन. टॉवर म्हणजे चारीचे तोंड समजा. जो तोंडाशी, त्याला भरपूर. जसजसे दूर जावे तसतशी रेडिओची शक्ती फार झपाट्याने घटते. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाईवर येते. जमिनीवर, घरे, झाडे, उंचवटे यांच्यामधून जाताना ती सोळाव्या हिश्श्याच्या आसपासही उतरते. तेव्हा प्रत्येक खणाला त्याची त्याची टेल असते. एकच टॉवर, एकच कंपनी, एकच रिचार्ज. परंतु एक माणूस तोंडाशी आणि एक टेलला.

2000 सालच्या सुमारास अमेरिकेतल्या क्वालकॉम कंपनीच्या इंजिनिअरांनी निव्वळ डेटासाठी एक पद्धत तयार केली. तिच्यात टॉवर आपली सारी शक्ती एका क्षणी एकाच फोनला देतो आणि लगेच पाळी बदलतो. किती लवकर? सेकंदाला 600 पाळ्या! प्रत्येक फोन सेकंदाला 600 वेळा टॉवरला कळवीत असतो की, "या क्षणी मी इतक्या वेगाने घेऊ शकतो." त्यावरून टॉवरमधला पाटकरी, म्हणजे हिशेब करणारे यंत्र, पुढची पाळी कुणाची ते ठरवितो. पाकीट पुरते समजले की फोन "झाले" म्हणून कळवितो आणि उरलेले खण दुसऱ्याला मिळतात, शेत भिजले की आपण हाक मारतो, "भिजलं रं, बंद कर!" तसेच. पुष्कळदा आधीच्या पद्धतींत हेच पाणी वाया जाई.

दक्षिण कोरियात ही पद्धत 2002 च्या आरंभी लोकांच्या हाती आली. त्याच वर्षी डिसेंबरात रिलायन्सने आपल्या देशात त्याच घराण्यातली, परंतु एक पायरी खालची सेवा आणली. पुढे टाटांच्या फोटॉन प्लस या नावाने संगणकाला लावायच्या कांड्या निघाल्या, त्या या पद्धतीवर चालत. 2010 साली थ्रीजीचा लिलाव झाला, 2012 साली पुण्यात फोरजी आले आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाल्यावर बोलणेसुद्धा पाकिटांतूनच जाऊ लागले. 2002 ची ती सारी जाळी आता बंद पडली आहेत. परंतु पाटकऱ्याची कल्पना मागे राहिली. फोरजीत सेकंदाला 1000 पाळ्या होतात आणि शिवाय रुंदीचेही वाफे पाडून एकाच क्षणी चार-पाच जणांना भरता येते.

आता खरा प्रश्न. पाटकरी न्याय कोणता लावतो? आपण दोन माणसे घेऊ. एक टॉवरखालचा दुकानदार. त्याला सारा वेळ दिला तर सेकंदाला 2400 किलोबिट घेऊ शकतो. दुसरा टेलचा शेतकरी. त्याला सारा वेळ दिला तरी तो 100 च घेऊ शकतो. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, पण प्रत्यक्षातली तफावत अशीच असते.

पहिला न्याय व्यापाऱ्याचा. जिथे उत्पन्न जास्त तिथे सारे द्या. दुकानदाराला 2400, शेतकऱ्याला शून्य. एकूण माल सर्वांत जास्त जातो. एक माणूस मात्र उपाशी मरतो.

दुसरा न्याय अगदी समतेचा. दोघांच्या पदरात सारखेच पडले पाहिजे. हिशेब केला तर काय होते? टॉवरच्या प्रत्येक रुपयाभर वेळेतले 96 पैसे टेलला द्यावे लागतात आणि 4 पैसे दुकानदाराला. दोघांना मिळतात 96-96 किलोबिट. एकूण 192. टेलच्या शेतात पाणी पोचावे म्हणून सारी चारी कोरडी ठेवावी, असे हे झाले. मी स्वतः समतेसाठी आयुष्य घालविलेला माणूस. परंतु हा आकडा पाहून मीही थबकलो.

तिसरा न्याय सारख्या वेळेचा. दोघांना निम्मा निम्मा वेळ. दुकानदाराला 1200, शेतकऱ्याला 50. एकूण 1250. डेटाच्या पद्धतींत पुष्कळ ठिकाणी वापरतात तो न्याय याच्याच जवळचा, पण थोडा शहाणा आहे. रेंज क्षणोक्षणी वरखाली होत असते. तेव्हा पाटकरी असे पाहतो की, प्रत्येकाला आजवर सरासरी किती मिळाले आणि त्याच्या मानाने या क्षणी त्याची घेण्याची ताकद किती. ज्याचे हे प्रमाण सर्वांत मोठे, त्याची पाळी. म्हणजे टेलच्या माणसाची तुलना दुकानदाराशी होत नाही. त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीशी होते. त्याच्या मानाने बरा क्षण आला की पाळी त्याची. आणि फार वेळ मिळाले नाही तर त्याची सरासरी खाली जाते आणि हक्क आपोआप वर चढतो. उपाशी कुणी राहत नाही.

या न्यायाला प्रमाणशीर न्याय म्हणावे. केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी 1997 साली त्याची कसोटी सांगितली ती कामगाराला चटकन कळण्यासारखी आहे. वाटणीत बदल केला तर कुणाचे शेकडा किती वाढले आणि कुणाचे शेकडा किती घटले, ते पाहावे. आपल्या उदाहरणात वेळेतला एक पैसा शेतकऱ्याकडून काढून दुकानदाराला द्या. दुकानदार 1200 चा 1224 होतो, म्हणजे शेकडा 2 वाढ. शेतकरी 50 चा 49 होतो, म्हणजे शेकडा 2 घट. फिटंफाट! एकूण शेकडेवारीत काही लाभ नाही. म्हणून बदल करू नये. वाटणी न्याय्य आहे.

इथे मात्र मी पुस्तक मिटून विचार करू लागलो. कारण शेकड्याचा न्याय म्हणजे काय, हे आम्हा युनियनवाल्यांना फार चांगले ठाऊक असते. पगारवाढीच्या वाटाघाटी चालल्या की दर वेळी हा वाद निघतो: वाढ सरसकट घ्यावयाची की शेकड्याने? शेकडा दहा म्हटले की 50,000 वाल्याला 5,000 मिळतात आणि 5,000 वाल्याला 500. दोघांना सारखीच वाढ, कागदावर भांडण नाही. परंतु दरी होती त्याहून रुंद झाली. टॉवरमधला न्यायही याच जातीचा आहे. तो दुबळ्याला मरू देत नाही आणि सबळाला अडवीत नाही. मात्र दुबळा दुबळाच राहतो आणि सबळ सबळच. 1200 आणि 50 यांतली दरी पाटकऱ्याने पाडलेली नाही; पण ती बुजवणेही त्याच्या हातात नाही. ती बुजवावयाची तर चारी पुढे न्यावी लागते, म्हणजे टेलच्या जवळ दुसरा टॉवर उभा करावा लागतो, किंवा 700-900 मेगाहर्ट्झसारख्या दूर पोचणाऱ्या लहरी वापराव्या लागतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आतापर्यंतचा हिशेब टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या पाकिटांचा झाला. परंतु ओढ्यातल्या त्या मुलीला फोटो वर पाठवावयाचा होता! टॉवरची शक्ती दहा-वीस वॉट, कधी त्याहून जास्त. आपल्या फोनची शक्ती फार तर एका वॉटचा पाचवा हिस्सा. टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो. फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. म्हणून कित्येकदा फोनवर दोन दांड्या दिसतात आणि फोटो मात्र जागचा हालत नाही. 2000 सालच्या त्या पद्धतीत खाली येण्याचा वेग सेकंदाला 2400 किलोबिटच्या वर होता आणि वर जाण्याचा 153. म्हणजे 16 ला 1! करणाऱ्यांनी हे उगीच केले नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईक घेत असते: गाणी, चित्रे, बातम्या. ते पाठवील काय आणि किती? टेलला बसलेल्या बाईची दिवसाची मजुरी वर जाणाऱ्या एका पाकिटावर टांगली जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. पुढच्या पद्धतींत वर जाण्याचा वेग पुष्कळ वाढला. परंतु फोनची शक्ती लहानच राहिली.

तेव्हा साहेबांच्या वाक्याचा निकाल माझ्यापुरता असा लागला. यंत्र पक्षपात करीत नाही, हे खरे. पाटकरी इमानी आहे. कित्येक माणसांहून इमानी आहे. तो जात पाहत नाही, गाव पाहत नाही, कुणाच्या चहाला जात नाही. आणि कंपन्यांनी काही निवडक संकेतस्थळांसाठी वेगळे दर लावू नयेत, असा निर्णय ट्रायने फेब्रुवारी 2016 मध्ये दिला. तोही चांगलाच झाला. परंतु दूरच्या खेड्यात टॉवर उभा करावयाचा की नाही, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात आणि गिऱ्हाइके किती, हे पाहून ठरवितात. आणि ज्या ठिकाणी टॉवर नाही तिथली हजेरी टॉवरवरूनच घ्यावयाची, हेही माणसेच ठरवितात. पहिल्या निर्णयात नफ्याचा हिशेब आहे, तो मला समजतो. दुसऱ्या निर्णयात हिशेबच नाही, आणि त्याची शिक्षा मात्र मजुराला आहे.

आपल्याच तालुक्यात पाहा. एका टोकाला बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने गेल्या काही वर्षांत उसावर नवे प्रयोग केले. जमिनीत पुरलेले यंत्र ओलावा मोजते, उपग्रह वरून पाहतो आणि आज पाणी द्यावे की नाही ते शेतकऱ्याला फोनवर कळते. मी याला नावे ठेवीत नाही. याचा मला अभिमान आहे. दुसऱ्या टोकाला 2021 च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा आणि सातबाऱ्यावर नोंद करावी. कल्पना चांगली, तलाठ्याच्या मागे फिरावयास नको. परंतु जिराईत पट्ट्यात बाजरी काढलेला म्हातारा शेतात फोन उंच धरून उभा असतो आणि रेंज येते ती गावच्या वेशीवर. पीक शेतात, रेंज वेशीत! नोंद राहिली तर पुढची मदत राहते.

यावर उपाय काय? आम्हा कामगारांच्या इतिहासात याचे उत्तर आहे. शेकड्याच्या न्यायाने तळच्याचे भागत नाही हे दिसले, तेव्हा 1948 साली किमान वेतनाचा कायदा झाला. म्हणजे वर काय वाटणी करावयाची ती करा, पण याच्या खाली कुणालाही जाऊ देणार नाही. नेटलाही असा किमान लागतो. 2023 साली सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग सेकंदाला 512 किलोबिटचा 2 मेगाबिट केला. व्याख्या झाली, आता ती टेलला पोचली पाहिजे. त्यासाठी पैसा नाही असे कुणी सांगेल तर ऐकू नका. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून शेकडा 5 रक्कम दूरच्या मुलखात सेवा नेण्यासाठी म्हणून गेली वीसहून अधिक वर्षे कापली जात आहे. त्या निधीचे नाव 2023 च्या कायद्याने डिजिटल भारत निधी असे झाले. टेलच्या चारीसाठीच तो पैसा आहे.

आणि हे काम करणारी माणसेही विसरू नका. भारत संचार निगममधून स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली 31 जानेवारी 2020 या एका दिवशी सुमारे 78,500 माणसे घरी गेली. कुणी लाइनमन, कुणी जोडणी करणारे. आज टॉवरवर चढणारा पोरगा बहुधा कंत्राटी असतो. शंभर-दीडशे फूट उंचीवर कमरेला पट्टा बांधून तो आपली रेंज दुरुस्त करीत असतो. पट्टा धड आहे की नाही, विमा आहे की नाही, हे विचारणारे कुणी नसते. आपण त्याला एवढेच विचारतो, "नेट कधी येणार?"

माझे सांगणे तीन गोष्टींत आटोपतो. पहिली, जिथे हजेरी, रेशन किंवा पिकाची नोंद नेटवर सक्तीची केली जाईल, तिथे कागदी हजेरीपट आणि नोंदवही बाजूला उभी पाहिजे. नेट पडले तर वही खरी मानावी. ज्याने सक्ती केली त्याने वाट पुरवावी. वाट नसेल तर सक्ती मागे घ्यावी. दुसरी, प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारात रेंज कुठे येत नाही त्याची यादी करावी, वाडीवार, ओढ्यावार, आणि ठराव करून वर पाठवावी. ज्या टेलने तक्रार केली नाही त्या टेलला पाणी कधी आले आहे काय? तिसरी, हा विषय इंजिनिअरांचा म्हणून सोडून देऊ नका. आपल्या आज्या-पणज्यांना धरणाचे गणित येत नव्हते. परंतु पाळी चुकली तर पाटकऱ्याला कुठे गाठावयाचे, हे त्यांना नीट ठाऊक होते.

त्या ओढ्यावर एक वयस्क बाई होती. मजुरी मिळाल्यावर मी तिला हे सेकंदाला हजार पाळ्यांचे सांगितले. ती घटकाभर गप्प राहिली आणि म्हणाली, "भाऊ, एका सेकंदाला हजार पाळ्या, आन् त्यातली एकबी आमच्या वाट्याला आली न्हाई व्हय?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. तो आपण एकमेकांना विचारावयाचा आहे.